दुसरा टेक

२००६ सालचा जून. गोखलेनगरमधलं दोन खोल्यांचं घर. पंखा बंद केलेला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. समोर लोखंडी कॉटवर अडुसष्ट वर्षांच्या आजी बसलेल्या, पदराला सेफ्टी पिनेनं माइक अडकवलेला. मी स्टुलावर, माझ्या मागे कॅमेरामन, आणि तिवईवर दिवसाच्या भाड्यानं आणलेला सोनीचा पीडी-१७० कॅमेरा. तासाभराची टेप असायची तेव्हा. त्यातली चाळीस मिनिटं संपली होती.

पानशेतच्या पुरावर मी माहितीपट करत होते. १२ जुलै १९६१. धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं आणि पावसानं पाणी चढत गेलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध सावरून धरला, पण सकाळी तो गेलाच. ते पाणी खडकवासल्यात आलं, तेव्हा ब्रिटिशांच्या काळातलं ते जुनं धरणही टिकलं नाही. नारायण, शनिवार, कसबा, डेक्कन, नदीकाठचं सगळं पुणं पाण्याखाली गेलं. गोखलेनगर वसलं ते त्या पुरात घर गेलेल्या माणसांसाठी. म्हणजे मी जिथे बसले होते ती भिंतसुद्धा त्या पुरामुळेच उभी राहिली होती.

आजी तेव्हा तेवीस वर्षांच्या, नारायण पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. पाणी आलं, पाणी आलं म्हणत गल्लीतून माणसं पळत गेली तेव्हा त्यांची कणीक मळून झाली होती. सासरे देवासमोर बसलेले. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी पूजा आटोपून येतो." आजींनी दोन पोरं उचलली आणि जिना उतरल्या. पाणी अंगणात घोट्यापर्यंत होतं. सासरे पुन्हा दिसले नाहीत.

हे सांगताना त्या मधेच थांबल्या. हात मांडीवर उताणा ठेवला, बोटं जरा हलवली आणि म्हणाल्या, "जिना उतरताना वरनं घंटी ऐकू येत होती." नेमक्या त्याच वेळी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. एक, आणि लगेच दुसरी. 'घंटी' हा शब्द शिट्टीत बुडाला. हेडफोन लावलेल्या मुलानं माझ्याकडे पाहून मान हलवली.

मी म्हटलं, "आजी, शिट्टीचा आवाज आला मध्ये. तेवढं परत सांगाल?"

"परत सांगू?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बरं."

दुसऱ्यांदा त्यांनी सगळं नीट सांगितलं. वाक्यं पूर्ण, क्रम बरोबर, आवाज स्वच्छ. घंटी मात्र आली नाही. मी आठवण करून दिली, "आजी, घंटीचं राहिलं."

त्या माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "ते एकदाच येतं गं."

माझी ही दुसरा टेक मागायची सवय कुठून आली ते सांगायला हवं. मी आधी नाटकातली. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत काम केलं. पावसाळाभर तालीम, एकेक जागा पन्नास वेळा घ्यायची, तोवर दिग्दर्शकाचं समाधान नाही. भरत नाट्य मंदिरात प्रयोग व्हायचा तो पाऊण-एक तासाचा, पण त्यामागे दोन महिने असायचे. 'पुन्हा घे' या दोन शब्दांत आमची पिढी वाढली. त्यात वाईट काही नाही. नटाला तेच हवं असतं, तो दहाव्या खेपेला काहीतरी नवं शोधतो. आपण जे करतोय ते कुठे, कुणासमोर, किती वेळा होणार आहे हे त्याला ठाऊक असतं. त्या कॉटवर बसलेल्या आजींना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. घरी आलेल्या मुलीनं विचारलं, म्हणून त्या सांगत होत्या.

नाटकातून मी सिनेमाकडे वळले ती फिल्म ॲप्रिसिएशनच्या उन्हाळी कोर्समुळे. लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून तो चालवतात. इन्स्टिट्यूट आहे ती प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली, 'संत तुकाराम' तिथेच घडला, कंपनी बंद पडल्यावर १९६० मध्ये सरकारनं तिथे इन्स्टिट्यूट सुरू केली. सकाळी व्याख्यान, दुपारी सिनेमा, संध्याकाळी पुन्हा सिनेमा. तिथेच रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' पाहिला. १९२२ सालचा, माहितीपटांचा मूळपुरुष मानला जाणारा. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना म्हणून फ्लाहर्टीनं अर्धंच घर उभं करून घेतलं होतं आणि त्या उघड्या घरात, थंडीत, त्या कुटुंबानं कॅमेऱ्यासाठी झोपून दाखवलं. हे ऐकून वर्गात हशा पिकला. मीही हसले. तो चित्रपट आजही मला मोठा वाटतो, पण त्या दृश्याला आता हसू येत नाही.

पोट कशावर चालायचं हे नवी मुलं हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांच्या फिल्म करून. प्रेस मशीनवर हात कसा ठेवू नये, आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडावं, परदेशी पाहुण्यांना कारखाना कसा दिसावा. सामाजिक संस्थांच्या कामावर दहा-दहा मिनिटांच्या फिल्म करून. पहिल्या काही वर्षांत लग्नंही केली. एका संस्थेनं काम करून घेतलं, गाजवलं आणि शेवटचा हप्ता आजतागायत दिला नाही. असं या धंद्यात प्रत्येकाच्या वाट्याला येतं, म्हणून करार लिहून घ्यायला शिका, एवढंच त्याबद्दल सांगेन. पण त्या कारखान्यांच्या फिल्मनी मला हात दिला, नुसता पैशानं नाही. लेथवर काम करणाऱ्या माणसाकडे तीन दिवस बघत बसलं की हात आणि डोळे यांचं काय नातं असतं ते कळतं. पुढे नटांबरोबर काम करताना मी कितीदा तरी त्या माणसाकडे परत गेले आहे, मनातल्या मनात.

या शहरात हे काम करणाऱ्या कुणालाही सुमित्रा भावे यांच्या वाटेवरून जावंच लागतं. त्या सिनेमा शिकलेल्या नव्हत्या. समाजशास्त्राच्या अभ्यासक, कर्वे समाजसेवा संस्थेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या. वस्तीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांच्या लक्षात आलं की आपला अहवाल अभ्यासक वाचणार. ज्या बायकांविषयी तो आहे, त्यांच्यापर्यंत तो जाणारच नाही. म्हणून त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. साल १९८५, त्यांचं वय ४२. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग १९८७ मध्ये 'पाणी' आला. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असे कथापट आले, पन्नासहून अधिक लघुपट झाले आणि २०१७ मध्ये 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतरचा तो पाचवा मराठी चित्रपट. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या.

पुरस्कारांची ही यादी सगळ्यांना पाठ आहे. मला त्यांच्या कामाचा आरंभ जास्त मोलाचा वाटतो. त्यांना सिनेमा हवा होता तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना दिसावा म्हणून. माहितीपट की कथापट हा प्रश्न तिथे दुसऱ्या नंबरावर जातो. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरच्यांना 'देवराई' पाहून आपली गोष्ट कुणीतरी सांगितली असं वाटलं, तेव्हा तो कथापट आहे म्हणून काही कमी खरा ठरला नाही. हे सगळं मला पाठ होतं, भाषणात मी ते सांगतही असे. तरी आजींच्या बाबतीत मी चुकले.

झालं असं. संकलनाला बसले तेव्हा माझ्यासमोर दोन टेक होते. पहिल्यात घंटी होती आणि शिट्टी होती. दुसऱ्यात दोन्ही नव्हतं. मी दुसरा टेक घेतला. पण घंटी तर हवीच होती, त्या प्रसंगाचा जीव तीच होती. मग मी काय केलं? आजींच्या बोलण्यातल्या एका विरामात ध्वनिमुद्रकाच्या संग्रहातला पूजेच्या घंटेचा आवाज टाकला. मागून, हलका, जिन्यावरून येतोय असा. खूप सुंदर बसला. मिक्सिंग करणारा म्हणाला, अंगावर काटा आला.

पहिला खेळ एका छोट्या सभागृहात ठेवला होता. दीडशे माणसं, त्यातली बरीच नदीकाठच्या पेठांतली. त्या घंटेच्या जागी सभागृहात हुंदके ऐकू आले. मी अंधारात मागे उभी होते आणि मला आनंद झाला, हे लिहिताना आज जड जातं. आजींना मी रिक्षा पाठवून बोलावलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी ती फिल्म तेव्हा पहिल्यांदा पाहिली. संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले, कुणी पाया पडलं. सगळे पांगल्यावर मी जवळ गेले.

माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "छान केलंस. पण ती घंटी आमची नव्हे."

मला काही सुचेना.

"आमची लहान होती. आवाज बारीक होता, किणकिण असा. ही देवळातली वाटते." मग थोड्या वेळानं, "आता मला हीच ऐकू येईल."

मी त्यांना सोडायला गोखलेनगरला गेले. वाटेत त्या पावसाबद्दल, भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. त्यांनी तक्रार केली नव्हती, रागावल्याही नव्हत्या. पंचेचाळीस वर्षं जपलेला एक आवाज मी माझ्या फिल्मसाठी पुसून टाकला होता आणि तो परत आणण्याची कुठलीही सोय माझ्याकडे नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी संग्रहालयात झां रूश आणि एदगार मोरँ यांचा 'क्रॉनिकल ऑफ अ समर' पुन्हा पाहिला. तोही १९६१ सालचा, पुराच्याच वर्षी प्रदर्शित झालेला. पॅरिसमधल्या माणसांना विचारत जायचं, तुम्ही सुखी आहात का? कोर्समध्ये पाहिला तेव्हा मला त्यातलं हातात धरून फिरवायच्या कॅमेऱ्याचं कसब तेवढं दिसलं होतं. या वेळी शेवट दिसला. फिल्म पुरी होण्याआधी दोघं दिग्दर्शक त्यातल्या माणसांना एका खोलीत बसवून चित्रित झालेलं दाखवतात आणि ती माणसं वाद घालतात. हे खोटं वाटतं, तिनं इतकं उघडं व्हायला नको होतं, असं बोलतात. तो वादही फिल्ममध्ये ठेवला आहे. मी त्या रात्री घरी येऊन वहीत लिहिलं: आधी त्यांना दाखवायचं. सभागृहात नाही, त्यांच्या घरी, आणि बदल करता येतील अशा वेळी.

ऐकायला सोपं आहे. हा नियम पाळल्याची किंमत मी २०१४ मध्ये मोजली. मार्केट यार्डातल्या एका निवृत्त हमालावर वर्षभर काम केलं होतं. डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत त्यांनी तरुणपणापासून पाहिलेली, पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' या स्वस्त जेवणाच्या केंद्रात आम्ही कितीदा एकत्र जेवलो. पाठीवर पोतं घेताना मान कुठल्या कोनात वाकते, ओझं मणक्यावर न येता खांद्यावर कसं येतं, हे त्यांनी मला रिकाम्या हातांनी इतकं बारकाईनं दाखवलं होतं की कॅमेरामनसुद्धा बघत राहिला. पण फिल्मचा कणा वेगळाच होता: त्यांचा मुलगा, त्याचं पिणं आणि बाप-लेकातला अबोला. बावन्न मिनिटांचा कच्चा कट झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांनी पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "ताई, पोराचं काढा. त्याचं आता जमलंय एका ठिकाणी."

संमतीच्या कागदावर त्यांची सही होती. कायद्यानं मला काहीच काढायची गरज नव्हती. मी काढलं. फिल्म एकतीस मिनिटांची झाली. एका महोत्सवाच्या निवड समितीनं कळवलं की फिल्ममध्ये संघर्ष कमी पडतो. बरोबर होतं त्यांचं. संघर्ष माझ्या हार्ड डिस्कवर एकवीस मिनिटांच्या वेगळ्या फोल्डरमध्ये होता, आणि तो तिथेच राहणार.

असं करत राहिलो तर माहितीपटातून सगळं टोकदार निघून जाईल, असं माझे मित्र म्हणतात. सत्तेविरुद्ध, अन्यायाविरुद्ध फिल्म करताना मंत्र्याला आधी कट दाखवणार का, असंही विचारतात. नाही दाखवणार. २००४ मध्ये मुंबईच्या महोत्सवानं भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं, तेव्हा माहितीपटकारांनी 'विकल्प' हा स्वतंत्र महोत्सव भरवला होता. मी तिथे रोज होते आणि त्या बाजूनंच आजही आहे. पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला परवानगी मागणं वेगळं आणि ज्यानं आपल्याला घरात घेतलं, चहा दिला, आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली, त्याला विचारणं वेगळं. या दोघांना एकच नियम लावणारा माणूस मला आळशी वाटतो.

पैशाचंही तेच. कथापटातल्या नटाला मानधन देतो, माहितीपटातल्या माणसाला देत नाही, का तर पैसे दिले की माणूस खोटं बोलेल. मीही बरीच वर्षं हे मानत होते. आता कुणाचा दिवस घेतला तर त्याचा खाडा भरून देते. धुणीभांडी करणारी बाई माझ्या शूटिंगसाठी चार घरं बुडवते तेव्हा तिच्या पगारातून ते कापलं जातं. माझ्या सत्यासाठी तिनं ते का सोसायचं?

कथापट मी आजवर एकच पुरा करू शकले. एकोणीस दिवसांचं शूटिंग, मित्रमंडळींकडून उभे केलेले पैसे, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत लोकेशन. त्यातल्या नायिकेला सार्वजनिक नळावरून हंडा भरून जिना चढायचा होता. नटी चांगली होती, मेहनती. तीन टेक झाले, काहीतरी चुकत होतं आणि मला बोट ठेवता येईना. नळावरची एक मावशी आमचा खेळ बघत उभी होती. ती म्हणाली, "रिकामा हाय त्यो."

कंटिन्यूइटीसाठी आणि नटीला त्रास नको म्हणून साहाय्यकानं हंड्यात तळाला चार तांबे पाणी ठेवलं होतं. भरलेला हंडा कमरेवर घेतला की दुसरा हात आपोआप बाहेर फेकला जातो, मान विरुद्ध बाजूला कलते, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आधी श्वास येतो, मग पाऊल. हे अभिनयानं आणता येत नाही असं नाही, पण त्याला फार मोठी नटी लागते. आम्ही हंडा काठोकाठ भरला. मी नटीला स्पष्ट सांगितलं, "एकदाच घेणार आहे. चुकलं तरी तेच ठेवणार." पाणी सांडलं, साडी भिजली, चौथ्या पायरीवर ती थांबली, भिंतीला खांदा टेकला. तो थांबा संहितेत नव्हता. चित्रपटातली ती जागा लोकांना आठवते. मावशीचं नाव श्रेयनामावलीत आहे.

हे सगळं मला नाटकाच्या तालमीनं शिकवलं नसतं, आणि तालीम नसती तर ती नटी कॅमेऱ्यासमोर इतक्या विश्वासानं उभीही राहिली नसती. दोन्हीकडचं मला लागतं. एक मात्र आता पक्कं आहे. नटाकडे मी हवे तितके टेक मागते. आपली स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडे दुसरा टेक मागत नाही. कुत्रं भुंको, विमान जावो, लाइट जावोत. शूटिंग संपलं की मात्र सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसायला सांगते आणि त्या घराची शांतता ध्वनिमुद्रित करते. आमच्यात त्याला रूम टोन म्हणतात. संकलनात सांधे जुळवायला तो लागतो. आजींच्या घरी तो घ्यायचं आम्ही विसरलो होतो, घाई झाली होती.

२०१९ मध्ये जुन्या टेप हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. टेपांना बुरशी धरते, काही वर्षांनी त्या वाचवता येत नाहीत. नवीन मुलांना माझं सांगणं आहे, ते काम आजच करा आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. उतरवताना आजींचा पहिला टेक तेरा वर्षांनी पुन्हा ऐकला. त्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. मी त्यांच्या लेकाला फोन केला, परवानगी मागितली आणि फिल्म नव्यानं कापली. विकतची घंटा काढली. दुसरा टेक काढला. पहिला लावला, आहे तसा.

आता ती फिल्म कुठे दाखवली की खेळानंतर कुणीतरी येऊन काळजीनं सांगतं, मॅडम, तेविसाव्या मिनिटाला आवाजात काहीतरी गडबड आहे. कुकरची शिट्टी आहे ती. तिच्याखाली, कान दिला तर, 'घंटी' हा शब्द ऐकू येतो.